टिपणीसांचं प्राचीन ऑलिंपिक

"ऑलिंपिक म्हणजे मानवजातीच्या आत्म्याने अमरत्वाच्या दिशेने घेतलेली झेप होय!" असं श्यामसुंदर टिपणीस बोनकोडे गावच्या जत्रेत, गावदेवीच्या देवळासमोर, उजवा हात आभाळाकडे नेऊन म्हणाले, आणि मग लाऊडस्पीकरवाल्या दत्तूने त्यांना सांगितलं की माईक अजून लावलेला नाही. वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्या खेपेला झेप कोणी घेतली आणि कोणाच्या दिशेने, हे टिपणीसांना नीटसं आठवेना, त्यामुळे अमरत्वानेच मानवजातीवर झेप घेतली. गावाला काही फरक पडला नाही. टाळ्या वाजल्या.

टिपणीस फोर्टातल्या एका विमा कंपनीत अपघाताचे क्लेम तपासत. अंगाने बांबूची शिडी, डोळ्यांवर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखी भिंगं. गिरगावातल्या दोन खोल्या सोडून वाशीच्या नव्या वसाहतीत ब्लॉक घेतला, तेव्हापासून त्यांना मोकळ्या हवेची फार आवड, म्हणजे खिडकी उघडून आत बसण्याची. आयुष्यात ते एकच खेळ खेळले होते, तो कॅरम. तोही उजेड पाठीमागून येत असेल तर. पण ऑलिंपिकवर त्यांचा अधिकार होता. तो त्यांना वाचून मिळाला होता, आणि वाचून मिळालेल्या अधिकाराला घाम येत नाही, हे त्यातलं मोठं सुख.

साल १९८०. मॉस्कोचं ऑलिंपिक तोंडावर आलेलं, आणि रशियाने अफगाणिस्तानात फौजा घुसवल्या म्हणून अमेरिकेने जायचं नाही असं ठरवल्यामुळे टिपणीस रोज सकाळी दाढी करताना अमेरिकेला बोलत. सोसायटीचे सेक्रेटरी विलास सामंत शेजारीच राहत आणि भिंती नव्या वसाहतीच्या, म्हणजे मनाने मोकळ्या होत्या. त्यामुळे बोनकोड्याचे पंच गोटीराम म्हात्रे 'जत्रेला दोन शब्द बोलाया एक शिकलेला मानूस द्या' म्हणत आले, तेव्हा सामंतांनी शेजारधर्म आणि स्वतःची सकाळची झोप यांचा एकत्र विचार करून टिपणीसांचं नाव पुढे केलं. गोटीराम पूर्वी भात पिकवत. आता त्याच जमिनीवर उठणाऱ्या इमारतींना वाळू पुरवत.

तर टिपणीस रंगले. म्हणाले, पूर्वी ग्रीक देशात हे असलं नव्हतं. बक्षीस एकच, रानटी ऑलिव्हच्या पानांचा मुकुट. दुसरा नंबर नाही, तिसरा नाही; हरलेला गल्लीबोळांतून तोंड लपवत घरी जाई. वजनाचे गट नाहीत. समोर बैलासारखा गडी आला, तर देवाची मर्जी म्हणून भिडायचं. वेळेचं बंधन नाही. अंगावर कपडासुद्धा नाही! इथे बायकांच्या बाजूला खसखस पिकली. खेळ चालू असेतो राज्याराज्यांतली युद्धं बंद. कोणी आतून संगनमत केलं, तर त्याच्या दंडातून देवाच्या मूर्ती उभारत आणि खाली त्याची कीर्ती कोरून ठेवत, हजार वर्षांनी येणाऱ्याला वाचता यावी म्हणून.

"आणि आता?" टिपणीसांनी माईकलाच दरडावून विचारलं. "आता झेंडे, बूट विकणारे, ताकदीच्या गोळ्या आणि रुसवे. हा येणार नाही, तो येणार नाही. अहो, ऑलिंपिक आहे की व्याह्यांचं मानपान?"

मग त्यांनी त्या वीराची गोष्ट सांगितली. झुंज चालली असता त्याचा गळा असा आवळला गेला, की प्राण कंठाशी आले. तरी त्याने शेवटची अशी उसळी घेतली, की समोरच्यानेच हार मानली. पंच जवळ जाऊन बघतात, तर जिंकणारा मेलेला! तेव्हा त्यांनी मुकुट प्रेताच्या डोक्यावर ठेवला. ही गोष्ट गावाला फार आवडली. पहिल्या रांगेतला एक माणूस तेवढा हसला नाही. त्याची मान डोक्यापेक्षा रुंद होती.

"मला विचाराल," टिपणीस म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी घरून आणलेलं नव्हतं, "तर ह्या वयातही मी एका पानासाठी आखाड्यात उतरेन!"

मग गोटीराम उठले. देवीपुढचा गुलाल लावलेला नारळ त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि समोर धरला. टिपणीसांना नारळांची सवय होती. ऑफिसातले निरोपसमारंभ, गणेशोत्सवातली बक्षिसं, नारळ कसा घ्यायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी तो वाकून घेतला, कपाळाला लावला आणि चारी दिशांना दाखवला. ढोल कडाडले, टोप्या उडाल्या, म्हाताऱ्या बायकांनी बोटं मोडली. व्याख्यानाला एवढी दाद आजवर मिळाली नव्हती. घरी जाऊन त्यांनी नारळ सरोजिनीबाईंकडे दिला आणि गाव किती रसिक आहे ते जेवण होईपर्यंत सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी गोटीराम दारात.

"सायब, तयारी कशी काय?"

"कसली?"

"रविवारच्या कुस्तीची."

"वा, येऊ की बघायला! कोणाकोणाची आहे?"

"तुमची," गोटीराम टोपी मांडीवर ठेवत म्हणाले. "तुमची आनि कान्हाची."

टिपणीस हसले. गोटीराम हसले नाहीत. मग टिपणीसांचं हसू एकटंच थोडा वेळ खोलीत राहिलं आणि गेलं.

बोनकोड्याची रीत साधी होती. जत्रेची मोठी कुस्ती देवीच्या नारळावर ठरते. पंच नारळ पुढे धरतात. जो कोणी तो हातात घेऊन कपाळाला लावील, त्याने गावातल्या पहिल्या गड्याला बोलावणं केलं. गेली दोन वर्षं तो नारळ कोणी घेतलाच नव्हता, कारण पहिला गडी कान्हा पाटील होता.

"अहो पण मला वाटलं, सत्काराचा नारळ!"

"सत्कार पन करू. आदी कुस्ती."

"मी ते भाषणात म्हणालो हो! भाषणात म्हणतातच तसं!"

"म्हनून तर मी उठलो," गोटीराम म्हणाले. "मोडाची आसंल तर मोडता येते, सायब. त्यात लाज नाय. नारल देवीफुडं परत ठेवला का झाला. तोच पायजे. आख्खा."

टिपणीसांच्या जिवात जीव आला. त्यांनी स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "अगं, तो परवाचा नारळ—" आणि त्याच वेळी सरोजिनीबाई बशी घेऊन बाहेर आल्या.

"घ्या हो," त्या म्हणाल्या. "जत्रेतल्याच नारळाच्या आहेत."

गोटीरामांनी वडी तोंडात टाकली. सावकाश चावली. बशीकडे पाहिलं, टिपणीसांकडे पाहिलं.

"गोड हाय," ते म्हणाले. "आता काय विलाज नाय."

त्यानंतरचे दिवस टिपणीसांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. भीतीने त्यांच्या मानेत मुक्काम केला. मान हा अवयव आपल्याला आहे, याकडे आजवर त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. आता दुसरीकडे जाईना. ऑफिसात क्लेमचे कागद समोर आले की त्यांचा हात आपोआप गळ्यावर जाई. कोणता अवयव गेला तर माणसाचे किती टक्के गेले, याचा तक्ता त्यांना पाठ होता. पंधरा वर्षं त्यांनी तो इतरांना लावला. आता आंघोळ करताना ते एकेका अवयवावर साबण लावत आणि तक्ता म्हणत.

"वहिनी, तुम्ही घाबरू नका," सामंत सरोजिनीबाईंना धीर देत. "कान्हा मिठागरावर दोन-दोन पोती एकदम उचलायचा. एकटे टिपणीस म्हणजे त्याला उचलल्यासारखं वाटणारसुद्धा नाही."

"उचलण्याचं नाही हो," टिपणीस आतून म्हणत, "ठेवण्याचं काय?"

सरोजिनीबाईंनी बहिणीला पत्र टाकलं, की रविवारी जमल्यास येऊन जा. हे पत्र टिपणीसांच्या पाहण्यात आलं आणि त्या दिवसापासून त्यांना जेवण जाईनासं झालं.

गुरुवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि सामंतांना सोबत घेऊन गोटीरामांचं घर गाठलं. रस्ताभर मनाशी घोकत होते. जगात सुधारणा झालेल्या आहेत. त्या उगीच झालेल्या नाहीत.

"म्हात्रे," टिपणीस खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "आता ऑलिंपिकमध्ये वजनाचे गट असतात. हलक्याची हलक्याशी, जडाची जडाशी. फार चांगली पद्धत आहे."

"ती आताची. पूर्वी नव्हती, तुमीच बोल्लात."

"मध्ये डॉक्टर असतो. तो म्हणाला थांबा, की थांबायचं."

"पूर्वी होता डाक्टर?"

"नव्हता. पण पूर्वी लोक मरत हो!"

"आनि मुकुट मिलायचा," गोटीराम आदराने म्हणाले. त्यांना गोष्ट पाठ झाली होती.

"निदान वेळ तरी ठेवा. पाच मिनिटं. तीन!"

"सायब, जास्त लागनारच नाय."

टिपणीसांच्या कपाळावर घाम आला. गोटीरामांनी पंख्याचा रोख त्यांच्याकडे केला आणि घसा खाकरला.

"एक गोष्ट मातर आमी पंचांनी बसून बदलली. पूर्वी कपडा नसायचा म्हनलात. पन आपल्याकडं बायामानसा असतात. तवा लंगोट चालंल का, यावर लय वेल बोलना झाला. शेवटी चालंल असा ठरला. तुमाला राग नाय ना?"

राग नाही, असं टिपणीसांनी मानेने सांगितलं. तीही हलवताना दुखली. इथे सामंतांनी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, "बहिष्कार. शेवटचा उपाय. एवढी अमेरिका वापरते."

ज्या शब्दावर टिपणीस गेला महिना दाढी करताना थुंकत होते, तो त्यांनी आता छातीशी धरला. उठून उभे राहिले. "म्हात्रे, मी ह्या कुस्तीवर बहिष्कार घालत आहे."

"आमचा काय चुकला?"

"तुमचं नाही. म्हणजे… तत्त्वाचा प्रश्न आहे."

"कनचा?"

टिपणीसांनी सामंतांकडे पाहिलं. सामंतांनी छपराकडे पाहिलं आणि म्हणाले, "अफगाणिस्तानचा."

गोटीरामांच्या तोंडावरचं सगळं आदरातिथ्य हळूहळू उतरलं आणि आतून एक थकलेला म्हातारा बाहेर आला.

"सायब," ते शांतपणे म्हणाले, "आमच्या जमिनी घेतल्या ना, तवा पन देवलाफुडंच सभा झाली. सायब लोक माईकवर लय चांगला बोलले. गावानी टाल्या वाजवल्या. मंग ते सायब पुन्ना दिसले नाय. रविवारी तुमी नाय आलात तर कोन तुमाला काय बोलनार नाय. गाव म्हनंल, हा पन तसलाच. बास."

सामंतांनी खाली पाहिलं. टिपणीसांना इतकं समजलं, की आता पळायची वाट बंद झाली. आणि ती कोणी दांडग्याने अडवली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी बेल वाजली. सरोजिनीबाईंनी दार उघडलं आणि जिन्यातला उजेड गेला. तो कान्हा होता. आत येताना त्याने चपला काढल्या, मान वाकवली आणि सोफ्यावर बसला. सोफ्याने काय तो आवाज केला. कान्हाने केला नाही.

"सायब," तो म्हणाला, "मना झोप नाय."

त्याचे डोळे खरोखर लाल होते. टिपणीसांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"तुमी बोल्लात ना, मेलेला जिकतो. माझ्या हातून तुमी मेलात, तर मान तुमाला आनि तुरुंग मना. आई रडते घरी. सखू पाटलीन रडत नाय कधी. म्हनते, फ्लॅटवाल्याचा हाड कसा असतो आपल्याला काय म्हाईत? पानी नलाचा पितात."

भुताला आपलीच भीती वाटते आहे असं समजल्यावर माणसाला जसं वाटेल, तसं टिपणीसांना वाटलं. आशेने ते पुढे सरकले. आवाज बारीक केला. "मग कान्हाशेठ, आपण दोघांनीच आधी ठरवून… म्हणजे तुम्ही हात लावलात की मी आपला अलगद आडवा…"

कान्हा दचकून उभा राहिला. "देवीच्या नारलावर खोटी कुस्ती? गाव बुडंल सायब! आनि तुमीच बोल्लात, दगडावर नाव कोरतात." दाराशी जाऊन तो थांबला. आपले दोन्ही पंजे त्याने समोर धरून पाहिले, जसे ते दुसऱ्या कोणाचे असावेत. "मी हलू धरीन," तो म्हणाला. "पन मना हलू धरता येत नाय. कोनी शिकवलाच नाय."

तो गेला. कान्हा चांगला माणूस होता, आणि त्या चांगुलपणाचीच टिपणीसांना आता फार भीती वाटत होती.

रविवारी ऊन उतरल्यावर ते गेले. देवळामागच्या आखाड्याभोवती गाव दाटीने बसलेलं, वसाहतीतली मंडळी छत्र्या घेऊन एका बाजूला. सरोजिनीबाई आपल्या बहिणीचा हात धरून होत्या. टिपणीसांनी सदरा काढला, तेव्हा सगळीकडे एकदम गप्प झालं. हसण्यासाठीसुद्धा काहीतरी अंगावर लागतं. बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "गे बाय, ह्यो जेवतो का नाय?"

चष्मा त्यांनी सामंतांकडे दिला. देताच गाव विरघळलं. माणसं, झाडं, देऊळ, सगळ्याचा एक तांबूस धूर झाला आणि त्या धुरातून एक काळा ढग त्यांच्याकडे चालत आला. ढगाने रीतीप्रमाणे त्यांच्या खांद्यांवर लाल माती टाकली. माती गार होती. टिपणीसांच्या मनात आलं, आज इथे जे चाललंय त्यात अडीच हजार वर्षांत काडीचा फरक पडलेला नाही. तिथेही असाच कोणी बारीक माणूस मातीत उभा राहिला असेल आणि त्यालाही असंच घरी जावंसं वाटलं असेल. पुस्तकवाल्यांनी तेवढं लिहून ठेवलं नाही. मुकुटाचं लिहिलं.

"सायब, आलात?" ढग हळूच म्हणाला.

"आलो," टिपणीस म्हणाले. निदान ओठ तरी तसे हलले.

पंचांनी हात खाली आणला. मानेमागे एक पंजा पडला, उंबऱ्यासारखा. टिपणीसांना काही डाव आठवेना, कारण कुठलाच येत नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि बुडणारा माणूस जे हाताला लागेल ते पकडतो, तसं हाताला लागलं ते पकडलं. पाय जमिनीवरून सुटले. पोट जागेवर राहिलं, बाकीचे टिपणीस वर गेले. खारी हवा अंगाला लागली. इतक्या उंचावर आपण लंगोटात कधी आलो नव्हतो, असा एक निरुपयोगी विचार मनात आला. मग सगळं उलटं झालं, पाठीखाली जमीन आली, छातीवर डोंगर आला आणि श्वास संपला.

"चीत!" गोटीराम ओरडले. ढोल वाजला. "पाटलांचा कान्हा जिकला! आनि सायब आले! बोल्ले तसे आले!"

गाव उठलं. कान्हाच्या नावाने एक आरोळी झाली, आणि टिपणीसांच्या नावाने झाली ती तिच्याहून मोठी होती. पण ती त्यांना कुठूनशी लांबून ऐकू आली. प्रेताला अशीच येत असावी. कारण डोंगर हलत नव्हता. कुस्ती संपली, निकाल लागला, तरी कान्हा त्यांच्या अंगावरून उठेना. ढोल अडखळला. थांबला. कडेला बसलेली माणसं हळूहळू उभी राहिली.

"उठत का नाय?" कोणी कुजबुजलं.

"खलास झाला वाटतं."

सरोजिनीबाईंनी बहिणीचा हात सोडला आणि छत्र्या ढकलत पुढे आल्या. कान्हाची आई सखू पाटलीण कपाळावर हात मारून मटकन खाली बसली. गोटीराम गुडघ्यांवर येऊन वाकले, त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. सामंतांनी टिपणीसांचा चष्मा स्वतःच्याच डोळ्यांवर चढवला, मग काढला.

टिपणीसांनी एक डोळा उघडला. कान्हाचं तोंड बोटभर अंतरावर होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ वाकडे झाले होते. आता हा शेवटचा जोर लावणार, टिपणीसांनी मनात म्हटलं, आणि मुठी आणखी घट्ट आवळल्या.

"सायब," कान्हा दात खात म्हणाला, "तेवढे माझे कान सोडा. मना उठाचा हाय."